सोबत कोण गेलं होतं?

(परभणी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांनी हयातभर आपलं नाव कुठल्या फलकावर लागू दिलं नाही. वॉर्डातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव रंगवलेलं दिसलं तरी त्यांना ते खटकायचं. त्यामुळे आज मीही त्यांचं नाव घेणार नाही. आम्ही तीस वर्षं त्यांना ‘सर’ म्हणत आलो, तेच म्हणतो.

विषय आहे दवाखान्यात भरती झालेल्या माणसाची औषधोपचारानं होणारी काळजी, आणि ती घेणारा डॉक्टर. सर्जनचं काम लोकांना दिसतं. पोट उघडलं, गाठ काढली, टाके घातले. गाठ बाटलीत घालून नातेवाइकाला दाखवताही येते. फिजिशियनचं तसं नाही. तो येतो, मनगट धरतो, छातीला नळी लावतो, केसपेपरवर दोन ओळी लिहितो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. थोड्या वेळानं गावाकडून फोन येतो, “डॉक्टर काय म्हणले?” खाटेजवळचा माणूस सांगतो, “काही नाही, बघून गेले.”

या ‘बघून गेले’त काय काय असतं, त्याचा एक प्रसंग सांगतो.

कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेला एक शेतकरी वॉर्डात होता. आपल्याकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. “औषध मारता मारता गरगरलं” असं नातेवाईक सांगतात, आणि नवा डॉक्टर विचारत बसतो की कुठलं औषध, कोणी दिलं, किती गोळ्या. सर पहिल्याच दिवशी सांगायचे, मराठवाड्यात ‘औषध’ हा शब्द कानावर पडला की आधी बाटली मागा. तर या माणसाला ॲट्रोपिन सुरू होतं. ठरलेला डोस एकदा दिला की झालं, असं हे औषध नाही. दर पाच मिनिटांनी बघायचं: छातीतला घरघर आवाज गेला का, नाडी वाढली का, काखेतला घाम सुकला का. सुकला नसेल तर आधीच्या दुप्पट द्यायचं. आम्ही रात्रभर ते केलं. सकाळी माणूस बोलू लागला, चहा मागू लागला. नातेवाईक म्हणाले, आता घरी नेतो. आम्हालाही वाटलं, बरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर राऊंडला आले. त्यांनी ना नाडी पाहिली ना केसपेपर. म्हणाले, “पाटील, उशीवरून मान उचला बघू.” माणसानं प्रयत्न केला. मान चार बोटं उचलली गेली आणि मागं पडली. सरांचा चेहराच बदलला. अशा विषबाधेत पहिला धोका टळल्यावर, एक ते चार दिवसांच्या दरम्यान, मानेचे आणि श्वासाचे स्नायू हळूहळू ढिले पडू शकतात. माणूस शुद्धीवर असतो, बोलत असतो, आणि श्वास मात्र उथळ होत जातो. त्याची पहिली खूण मानेत दिसते. त्या चार बोटांमुळे तो माणूस घरी गेला नाही. संध्याकाळी त्याला श्वासासाठी नळी घालावी लागली आणि दहाव्या दिवशी तो आपल्या पायांनी बाहेर पडला. त्याच्या भावाला त्या सकाळबद्दल विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं, “मोठे डॉक्टर आले, मान उचलायला लावली, बघून गेले.”

आपल्या भागात इस्पितळ हा शब्द चालत नाही. निजामाच्या राज्यातले आपण, आपला शब्द दवाखाना. थोरल्या पिढीत मोठं दुखणं म्हणजे मनमाड-काचीगुडा लाईनीवरून हैदराबाद गाठणं, मुसी नदीकाठचं उस्मानिया. उस्मानिया विद्यापीठात डॉक्टरी उर्दूतून शिकवत असत, आणि तिथं शिकून आलेल्यांची नुस्ख्याची भाषा सरांनी लहानपणी कानांनी ऐकली होती. पुढे १९५६ मध्ये औरंगाबादेत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, ज्याला सगळा मराठवाडा घाटी म्हणतो. सर तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. मग अंबाजोगाई झालं, नांदेड झालं. परभणी मात्र राहिली. आपली ती जुनी म्हण आहे ना, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. दुसरीकडे जमलं नाही तर परभणीत ये, इथली काळी माती तुला उपाशी ठेवणार नाही, असा तिचा भरवसा. आजाऱ्याच्या बाबतीत हा भरवसा आपल्याला देता आला नाही. इथं जमलं तर जमलं, नाही तर नांदेड. रस्त्यानं दीड-दोन तास. नाही तर संभाजीनगर, त्याच्या दुपटीहून जास्त वेळ. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. एवढ्या लोकांच्या दुखण्याचा हा नकाशा आहे, आणि त्याच्या मधोमध ‘रेफर’ हा शब्द बसलेला आहे.

रेफर करणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं काय आहे ते कळण्यासाठी माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

मी तेव्हा एका तालुक्याच्या लहान दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी होतो. भादव्याचे दिवस. पहाटे पाचच्या सुमाराला एका अकरा-बारा वर्षांच्या पोराला घेऊन आईबाप आले. आखाड्यावर राहणारं कुटुंब, पोरगं खाली गोधडीवर झोपलेलं. आई म्हणाली, “रातीपासून पोटात दुखायलंय म्हणतंय, साहेब.” मी पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि खोलीवर जाऊन पडलो.

आठ वाजता सिस्टर धावत आल्या. पोराच्या पापण्या मिटत होत्या. आई सारखी म्हणत होती, “लेकराचे डोळे उघडंनात हो.” ती मण्यार होती. मण्यार रात्री चावते, झोपलेल्याला चावते, आणि खूण पुष्कळदा सापडतही नाही. नाग चावला की जागा सुजते, घोणस चावली की माणूस ओरडत उठतो. मण्यारीचं पहिलं लक्षण कित्येकदा पोटदुखी असतं. पावसाळ्यात पहाटे जमिनीवर झोपलेलं लेकरू पोट धरून आलं तर आधी मण्यार आठवायची, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेत लिहिलं होतं. पाच वाजता आठवलं नाही.

मी सापाची लस चढवली आणि पुढं पाठवायची चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी उत्तम होती. वेळ, डोस, लक्षणं, सगळं नीट लिहिलेलं. जीप मिळाली. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर पोरगं, पुढं बाप. बाहेर ओपीडीची रांग लागली होती, म्हणून मी थांबलो. वाटेत त्याचा श्वास थांबला.

आठवडाभरानं मी सरांकडे गेलो. केसपेपर आणि चिठ्ठीची नक्कल घेऊन गेलो होतो. मला वाटत होतं, ते पहाटेच्या पोटदुखीबद्दल बोलतील. त्यांनी कागद वाचले आणि एकच विचारलं,

“सोबत कोण गेलं होतं?”

मी म्हटलं, “आई होती, वडील होते.”

“दवाखान्यातलं कोण?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकांशी एकदा बसलं की लस त्याला तिथून सहजी सोडवत नाही. ती टोकं शरीरालाच पुन्हा दुरुस्त करावी लागतात, त्याला दिवस लागतात. तोवर कोणी तरी श्वास द्यायचा. दुसरं काही करायचं नसतं. हृदय चालू असतं, मेंदू शाबूत असतो, नुसता श्वासाचा भाता बंद पडलेला असतो. एक अंबू बॅग आणि ती दर पाच सेकंदांनी दाबणारा एक हात जीपमध्ये असता तर ते लेकरू कदाचित नांदेडला पोचलं असतं. बॅग कपाटात होती.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “रेफर केल्यानं पेशंट आपला राहत नाही असं तुला वाटलं. पुढच्या डॉक्टरनं त्याला हात लावीपर्यंत तो तुझाच असतो.” आज इथं उभं राहून मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. दवाखान्यातलं वैद्यक निदान आणि औषधापाशी संपत नाही. त्याच्या बरोबरीनं थांबावं लागतं आणि सोबत जावं लागतं. औषधाला खर्च येतो तसा या थांबण्यालाही येतो. तो कुणीतरी मांडला पाहिजे, कुणीतरी दिला पाहिजे.

थांबायचं कुणी, हा प्रश्न जगातही उशिरानंच विचारला गेला. अमेरिकेत १९९६ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन या दोन डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लेख लिहिला आणि ‘हॉस्पिटलिस्ट’ हा शब्द रूढ केला. तोवर तिथंही घरचा डॉक्टर सकाळी आपल्या भरती पेशंटला बघून क्लिनिकला निघून जायचा. त्यांचं म्हणणं साधं होतं, की भरती माणसासाठी दिवसभर दवाखान्यातच असणारा डॉक्टर हवा. काही वर्षांत असे हजारो डॉक्टर तयार झाले. आपल्याकडे मुंबईच्या जुन्या मोठ्या दवाखान्यांत मानसेवी डॉक्टरांची रीत होती. सकाळी राऊंड, दुपारनंतर खासगी प्रॅक्टिस. त्यांच्यात फार थोर माणसं होऊन गेली. पण रात्र निभावायची ती निवासी डॉक्टरांनी. आजही खासगी दवाखान्यांत रात्री दोन वाजता खाटेजवळ जो असतो तो बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला तरुण असतो. त्याचं नाव बोर्डावर नसतं, त्याचा पगार सांगण्यासारखा नसतो, आणि बिघडलं की पहिली शिवी त्यालाच बसते. या जिल्ह्यातल्या कितीतरी लोकांचा जीव त्यांनी राखला आहे. सरांच्या व्यासपीठावरून त्यांना नमस्कार करावा असं मला वाटलं, म्हणून करतो.

थांबण्यातून काय निघू शकतं याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं देहेड हे त्यांचं गाव. १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. कोकणात लाल विंचू फार. इंचू चावला म्हणजे ठणका लागणार, एवढंच बहुतेकांना माहीत. पण तिथं माणसं मरत होती, आणि गंभीर झालेल्यांपैकी शंभरातली चाळीस मरत होती. बावस्करांकडे यंत्रं नव्हती. ते रात्र रात्र खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा लिहीत राहिले. आधी उलटी आणि दरदरून घाम, मग बर्फासारखे हातपाय, मग फुप्फुसात पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस, हा क्रम त्यांना त्या नोंदींतून दिसला. ते निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. हे विष रक्तवाहिन्या आवळतं आणि हृदयावर भार टाकतं, हे उमगल्यावर रक्तदाबासाठीची प्रॅझोसिन नावाची स्वस्त गोळी त्यांनी वापरली, आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात चाळीसवरून एकापर्यंत खाली आलं. पुढे विंचवाची लस आणि ही गोळी एकत्र, आणि नुसती गोळी, यांची रीतसर तुलना करणारा त्यांचा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापला, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या आरोग्य केंद्रातून रोज येणाऱ्या विंचूदंशाच्या पेशंटना पुढं धाडून मोकळं होता आलं असतं. तसं झालं असतं तर तो क्रम दिसला नसता, कारण तो जीपमध्ये घडून गेला असता.

सरांची स्वतःची थांबण्याची एक रीत होती, काचेच्या नळीची. आपल्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. पान लागलेला माणूस आला की सर त्याचं थोडं रक्त एका कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे आणि ती स्टँडमध्ये उभी करायचे. वीस मिनिटं. हात लावायचा नाही, हलवायची नाही, उचलून बघायची नाही. वीस मिनिटांनी अलगद तिरकी करायची. रक्त गोठून बसलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं, लस सुरू. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. आणि साबणानं धुतलेली तर मुळीच नाही, कारण साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही. “साबणाची नळी खोटं बोलते,” असं सर म्हणायचे. लस दिल्यावर सहा तासांनी पुन्हा तीच चाचणी, कारण यकृताला रक्त गोठवणारे घटक तयार करायला तेवढा वेळ लागतो. मधल्या वेळात लघवी किती झाली ते मोजायचं, घोणस मूत्रपिंडावर जाते म्हणून. नळीत वाहतं रक्त दिसलं की धोका कळतो. पण गोठलेलं रक्त पाहून निर्धास्त व्हायचं नाही. मण्यारीत ते गोठतंच, तिच्यासाठी पापण्या बघत बसायचं. आणि या वीस मिनिटांत सर कुठं जात नसत. खाटेच्या कडेला स्टूलवर बसायचे आणि माणसाशी पिकापाण्याचं बोलायचे. घाबरलेला माणूस त्यानंच अर्धा शांत व्हायचा.

त्या पोरानंतर दोन वर्षांनी, दुसऱ्या गावी, पुन्हा मण्यार आली. शेतमजुरी करणारी बाई, तिशीची. या वेळी पापण्या पाच वाजताच पाहिल्या. श्वास मंदावला तेव्हा श्वासासाठी नळी घातली. पण ओढ्याला पूर होता, रस्ता बंद, व्हेंटिलेटर नाही. आम्ही बॅग दाबत बसलो. मी, सिस्टर, वॉर्डातले मामा, तिचा नवरा, तिचा दीर. पाळ्या लावल्या. नवऱ्याला मी शिकवलं: मनात पाच मोज, दाब, छाती वर येते का बघ, सोड. त्यानं ते दोन तास केलं आणि एकदाही चुकला नाही. सतरा तासांनी पाणी उतरलं. जीपमध्ये मी मागं बसलो, बॅग हातात. नांदेडला व्हेंटिलेटर लागला. पाचव्या दिवशी तिच्या पापण्या उघडल्या. सरांना कळवलं. त्यांनी फक्त विचारलं, “हात दुखतो का?”

भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा २००० ते २०१९ या काळावरचा अंदाज आहे. पुष्कळ मरण घरी किंवा वाटेत येतं. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती, तेव्हा साऱ्या देशाचं लक्ष तिकडं गेलं. मोठ्यांच्या मृत्यूंची जी कारणं तेव्हा सांगितली गेली त्यांत सर्पदंश आणि विषबाधाही होती. औषधं होती की नव्हती, माणसं किती कमी होती, यावर पुष्कळ बोललं गेलं आणि ते बोललंच पाहिजे. मला आणखी एक विचारायचं होतं, आणि तेव्हा ते कुणी विचारताना मी ऐकलं नाही. आसपासच्या जिल्ह्यांतून तिथं पोचलेल्यांच्या सोबत वाटेत कोण होतं?

आता परभणीतही सरकारी मेडिकल कॉलेज झालं. त्यासाठी या गावानं मोर्चे काढले, उपोषणं केली, आपल्यातले कितीतरी जण त्यात होते. २०२३ मध्ये पहिली शंभर मुलं आली. ती आता वॉर्डात दिसतील, पांढऱ्या कोटांत, थोडी बावरलेली. कॉलेजला यंत्रं मिळतील, इमारत होईल, त्यासाठी भांडणारे खूप आहेत. मी अधिष्ठात्यांना आणि इथल्या शिक्षकांना विनंती करतो की या मुलांना पहिल्या वर्षापासून रात्रीच्या वॉर्डात बसवा. काही करायला नाही, नुसतं बसायला. उशीवरून मान उचलायला लावायची कधी, हे पुस्तकातही आहे, पण ती चार बोटं डोळ्यांनी पाहावी लागतात. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं बंधनकारक आहे. त्या तीन महिन्यांत निदान एकदा त्यांना ॲम्ब्युलन्समध्ये मागं बसवून नांदेडपर्यंत पाठवा. १०८ ची गाडी २०१४ पासून आपल्याकडे आहे, तिच्यात डॉक्टरही असतो. पण ती दुसऱ्या फेरीवर गेलेली असते तेव्हा लोक जीप करतात, टेम्पो करतात, आणि पुन्हा आईच्या मांडीवर लेकरू असतं.

सरांनी पुढच्या काळात आपल्या दवाखान्यातली रेफरची चिठ्ठी बदलली होती. छापील चिठ्ठीवर नाव, वय, निदान, दिलेले उपचार, वेळ, एवढेच रकाने होते. त्यांनी खाली हातानं एक ओळ आखली आणि सायक्लोस्टाइल करून घेतली. ‘सोबत:’ आणि पुढं मोकळी जागा. तिथं दवाखान्यातल्या कुणाचं तरी नाव आणि सही असल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही, असा त्यांचा नियम होता. कधी तिथं सिस्टरचं नाव असायचं, कधी मामांचं, कित्येकदा त्यांचं स्वतःचं.

त्या चिठ्ठीच्या प्रती मी आणल्या आहेत. कार्यक्रम संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर ठेवतो. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, कुठल्याही दवाखान्यातलं कुणी इथं असेल तर एकेक घेऊन जा. वर नाव-गाव छापून घ्या, फक्त शेवटची ओळ गाळू नका.